सत्तर चिन्हांची मर्यादा : भिन्न फोनांमधील मराठी संदेशांचा इतिहास

सुमारे २००० ते २०१२ या काळात महाराष्ट्रात एका फोनवरून दुसऱ्या फोनवर गेलेले मराठी लघुसंदेश ज्यांनी वाचले आहेत, त्यांना त्यांतील बहुतेकांची लिपी रोमन होती हे आठवत असेल. या गोष्टीची मीमांसा आजवर बहुधा नीतीच्या अंगाने झाली. तरुणांना स्वलिपीची लाज वाटते, इंग्रजी शाळांनी देवनागरीचे वळण मोडले, मराठी माणसालाच मराठीचे प्रेम उरले नाही, असे आक्षेप व्यासपीठांवरून आणि वाचकांच्या पत्रव्यवहारातून आपण पुष्कळ ऐकले. या आक्षेपांत तथ्य मुळीच नाही असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. तथापि एखाद्या समाजाने लिपी बदलली की तिचे कारण त्या समाजाच्या मनातच शोधावयाचे, ही पद्धत इतिहासाला मानवत नाही. दोन निरनिराळ्या बनावटींच्या फोनांमध्ये संदेश जावयाचा, तर दोहोंना मान्य असा एक संकेत आधी ठरलेला असावा लागतो. तो संकेत ज्या काळी ठरला त्या काळी मराठीचा विचार कोणाच्या मनात नव्हता. मराठी लिहिणाऱ्यांनी मग दर वेळी एवढेच पाहिले की, पलीकडच्या फोनपर्यंत मजकूर धड कसा पोचेल. त्यासाठी त्यांनी प्रथम रोमन लिपी पत्करली, पुढे मजकुराचेच चित्र करून पाठविले, आणि युनिकोडातील देवनागरीकडे ते सर्वांत शेवटी वळले. हा क्रम कसा घडला ते या लेखात पाहावयाचे आहे.

लिपी म्हणजे भाषा नव्हे, हे आम्ही विद्यार्थ्यांना पहिल्याच तासाला सांगतो आणि वर्षभर त्याचा विसर पडू देत नाही. परंतु लेखनाचे साधन बदलले म्हणजे लिपीचे भवितव्य बदलते, याचे उदाहरण मराठीत घरचेच आहे. शतकानुशतके दप्तरांत चाललेली मोडी मुद्रणाच्या युगात मागे पडली. ती मराठी माणसाला आवडेनाशी झाली म्हणून मागे पडली असे कोणी म्हणत नाही. मग फोनच्या बाबतीत तेवढा निराळा न्याय का लावावा?

या इतिहासाचा आरंभ जर्मनीत होतो. १९८५ साली बॉन शहरी फ्रीडहेल्म हिलेब्रांट हे अभियंते टंकलेखनयंत्रापाशी बसून सुचतील ती वाक्ये व प्रश्न लिहीत आणि त्यांतील अक्षरे, विरामचिन्हे व मोकळ्या जागा मोजीत. बहुतेक वाक्ये १६० चिन्हांच्या आत संपतात असे त्यांना दिसून आले. पोस्टकार्डे आणि टेलेक्सचे संदेश यांच्या लांबीचाही त्यांनी आधार घेतला. युरोपात तेव्हा घडत असलेल्या जीएसएम या फोनपद्धतीत लघुसंदेशाची, म्हणजे एसएमएसची, मर्यादा पुढे १६० चिन्हे हीच ठरली. ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडात नील पॅपवर्थ यांनी संगणकावरून एका फोनकडे असा पहिला संदेश धाडला. त्यात नाताळच्या शुभेच्छा होत्या. माणसाच्या नित्य बोलण्याचे माप कोणाही भाषाशास्त्रज्ञाला न विचारता घेतले गेले आणि ते बरेचसे बिनचूक निघाले, ही गोष्ट आमच्या शास्त्राला फारशी भूषणावह नाही.

मात्र ते माप कोणत्या अक्षरांचे होते हे पाहिले पाहिजे. एका लघुसंदेशात १४० बाइट, म्हणजे ११२० बिट, एवढाच मजकूर मावतो. प्रत्येक चिन्हाला ७ बिट दिले तर १६० चिन्हे बसतात. पण ७ बिटांत केवळ १२८ निरनिराळी चिन्हे निर्दिष्ट करता येतात. या १२८ जागांचे वाटप हा लिपीच्या राजकारणाचा एक छोटेखानी नमुनाच आहे. इंग्रजी अक्षरे सर्व आली. जर्मन, स्वीडिश, डॅनिश, फ्रेंच, स्पॅनिश या भाषांची खास अक्षरे थोडीथोडी आली. ग्रीक भाषेच्या वाट्याला दहाच मोठी अक्षरे आली. उरलेली मोठी अक्षरे रोमन अक्षरांसारखीच दिसतात, म्हणून तेथे रोमनवर भागवावे असे ठरले. लहान ग्रीक अक्षरांना जागाच उरली नाही. यामुळे ग्रीक लोकांनी एक तर सगळा संदेश मोठ्या अक्षरांत लिहिला, नाही तर सरळ रोमन लिपीतून ग्रीक लिहिले. अरब जगात रोमन लिपीत नसलेल्या वर्णांसाठी २, ३, ७ असे आकडे योजण्याची रीत पडली. तेव्हा स्वलिपी सोडण्याचा जो दोष मराठी तरुणांच्या माथी मारला जातो, तो अथेन्स आणि कैरो येथील तरुणांच्याही माथी मारावा लागेल.

या १२८ जागांत न बसणाऱ्या लिपींसाठी प्रत्येक चिन्हाला १६ बिट देण्याची सोय होती. ११२० ला १६ ने भागले की ७० उरतात. म्हणजे संदेशात एक जरी देवनागरी अक्षर आले, तरी त्या संपूर्ण संदेशाची मर्यादा १६० वरून ७० वर येई. मजकूर लांबला तर तो तुकड्यांनी जाई, आणि तुकडे पुन्हा जोडण्यासाठी लागणारी माहिती प्रत्येक तुकड्यात घालावी लागे. मग प्रत्येक तुकड्यात ६७ चिन्हेच उरत.

सत्तर ही संख्या ऐकायला तितकी लहान वाटत नाही; परंतु देवनागरीत 'चिन्ह' म्हणजे 'अक्षर' नव्हे. 'स्त्रियांच्या' हा शब्द घ्या. आपल्या दृष्टीने त्यात स्त्रि, यां, च्या अशी तीन अक्षरे आहेत. फोनच्या हिशेबी मात्र स, पाय मोडण्याची खूण, त, पुन्हा ती खूण, र, पहिली वेलांटी, य, काना, अनुस्वार, च, पुन्हा ती खूण, य, काना अशी तेरा चिन्हे होतात. असे पाच शब्द, त्यांमधील चार मोकळ्या जागा धरून, ६९ चिन्हे घेतात आणि तेथेच संदेश संपतो. हाच शब्द रोमन लिपीत सर्वसाधारण वळणाने लिहिला तर अकरा चिन्हे लागतात, आणि १६० च्या मर्यादेत तो तेरा वेळा लिहिता येतो. त्याच पैशांत एका लिपीत पाच शब्द आणि दुसऱ्या लिपीत तेरा. जोडाक्षरे व विभक्तिप्रत्यय यांनी समृद्ध असलेल्या भाषेला हा व्यवहार विशेष महागात पडला. एवढी तफावत असता जो देवनागरीत संदेश लिही, त्याच्या भाषाप्रेमाबरोबर त्याच्या सांपत्तिक स्थितीचीही दखल घ्यावी लागेल!

पैशांचा प्रश्न त्या काळी खरोखरच मोठा होता. विद्यार्थी महिन्याचे संदेशांचे 'पॅक' घेत; परंतु दिवाळी, नववर्ष अशा ज्या दिवशी संदेशांची खरी गरज, त्या दिवशी ते पॅक चालत नसे आणि प्रत्येक संदेशाला पूर्ण दर पडे. या दिवसांना 'ब्लॅकआउट डे' म्हणत. पाडव्याच्या शुभेच्छा आदल्या रात्रीच पाठवून देण्याची जी चाल पुष्कळांच्या स्मरणात असेल, तिचा उगम पंचांगात नसून दरपत्रकात आहे.

पैसे मोजूनही देवनागरी संदेश पोचेलच अशी शाश्वती नव्हती. ज्या फोनात देवनागरीची अक्षरे बसविलेलीच नाहीत, तेथे प्रत्येक चिन्हाच्या जागी रिकामा चौकोन उमटे. २००६ साली माझ्या एका आतेभावाने मोठ्या हौसेने देवनागरीत संदेश पाठविला. माझ्या फोनवर दोन ओळी चौकोनांच्या आल्या. मधे इंग्रजी आकड्यांत लिहिलेली तारीख आणि वेळ तेवढी वाचता येत होती. त्यावरून हे लग्न असावे असा तर्क मी केला; पण ते कोणाचे आणि कोठे, हे विचारण्यासाठी आत्याला फोन करावा लागला. त्यानंतर आतेभावाचे सर्व संदेश रोमन लिपीत येऊ लागले. त्यांच्या घरातील भाषाप्रेम त्या दिवशी अकस्मात कमी झाले असे मानण्यास आधार नाही.

या चौकोनाचा पूर्वेतिहास मनोरंजक आहे. जपानी छापखान्यात एखाद्या अक्षराचा खिळा उपलब्ध नसला तर दुसराच कोणता तरी खिळा उलटा बसवीत. खिळ्याच्या बुडाचे दोन आडवे ठसे कागदावर उमटत. ते जपानी लाकडी पादत्राणाच्या दोन आडव्या दातांसारखे दिसत, म्हणून त्या खुणेला त्या पादत्राणाचेच नाव, 'गेता', पडले. जपानमधील निरनिराळ्या फोनसेवांनी १९९० नंतरच्या दशकात आपापली भावचित्रे, म्हणजे इमोजी, प्रचारात आणली. तेव्हा एका सेवेच्या ग्राहकाने पाठविलेले चित्र दुसरीकडे नसले, की तेथे हीच गेता उमटे. २०१० साली युनिकोडाच्या ६.० या आवृत्तीत इमोजींना सामाईक संकेतांक मिळाले, तेव्हा हा घोटाळा बऱ्याच अंशी मिटला. आपल्याकडील रिकाम्या चौकोनाला संगणकाच्या क्षेत्रात 'टोफू' म्हणतात. गूगलने सर्व लिपींसाठी केलेल्या अक्षरसंचाचे 'नोटो' हे नाव, टोफू नको, या अर्थीच्या इंग्रजी शब्दांवरून बनविलेले आहे.

भारतीय लिपींसाठी सामाईक संकेत ठरविण्याचा प्रयत्न भारतात झालाच नव्हता, असे मात्र कोणी समजू नये. 'इस्की' ही भारतीय संकेतप्रणाली १९८८ साली सिद्ध झाली आणि १९९१ साली ती भारतीय मानक म्हणून मान्य झाली. आयआयटी कानपूर येथे सुरू झालेले आणि पुढे पुण्याच्या 'सी-डॅक' संस्थेत वाढलेले काम तिच्या पाठीशी होते. ब्राह्मीपासून निघालेल्या सर्व लिपींतील 'क' ला एकच संकेतांक द्यावा, ही तिच्यातील कल्पना आमच्या वर्णमालेच्या शास्त्रशुद्धतेवर उभारलेली आहे. युनिकोडातील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवरून घेतली गेली. पण इस्की संगणकांत राहिली. ती फोनांमधील करारात कधी शिरली नाही. लघुसंदेशांच्या मानकात भारतीय भाषांसाठी ७ बिटांचे स्वतंत्र तक्ते आले ते २०१० च्या सुमारास. त्या यादीत दहा भारतीय भाषा आहेत : बंगाली, गुजराती, हिंदी, कन्नड, मल्याळम, ओडिया, पंजाबी, तमिळ, तेलुगू आणि उर्दू. मराठीचे नाव त्यांत नाही. हिंदीच्या तक्त्यात 'ळ' असल्यामुळे मराठीचे काम त्यावर भागण्यासारखे होते, आणि देवनागरीची मर्यादा ७० वरून दीडशेच्या घरात गेली असती. मात्र या तक्त्याचा उपयोग व्हावयाचा, तर पाठविणारा आणि घेणारा असे दोन्ही फोन तो जाणणारे हवेत. तोवर लघुसंदेशांचे युगच सरत आले होते.

आता स्मार्टफोनांकडे वळू. २००७ साली अमेरिकेत आयफोन विक्रीस आला आणि २००८ च्या अखेरीस अँड्रॉइड प्रणालीवर चालणारा पहिला फोन. नोकियाचे सिंबियन फोन आणि कॅनडातील कंपनीचे ब्लॅकबेरी हे आधीपासून होतेच. आता संदेश इंटरनेटवरून जाऊ शकत असल्यामुळे सत्तरची अट संपली. पण अक्षरे पोचणे आणि अक्षरे वाचता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. युनिकोडाने जातात ते केवळ संकेतांक. अक्षराचा आकार पाठविणाऱ्याच्या फोनवरून निघत नाही, तो घेणाऱ्याच्या फोनने घडवावयाचा असतो. पहिली वेलांटी व्यंजनानंतर उच्चारली जाते आणि युनिकोडातही व्यंजनानंतरच नोंदली जाते; लिहावयाची मात्र व्यंजनाच्या आधी. हे ज्ञान नसलेल्या फोनवर 'दिवस' हा शब्द 'दविस' असा दिसे. जोडाक्षरांचे पाय मोडलेले तुकडे होत. अँड्रॉइडच्या आरंभीच्या आवृत्त्यांत देवनागरीची ही मांडणी होत नसे. २०११-१२ मधील आवृत्त्यांपासून ती सुधारत गेली. तोपर्यंत एका फोनवर नीट लिहिलेले मराठी दुसऱ्या फोनवर अशुद्ध होऊन वाचले जाई, आणि अशुद्धाचे खापर लिहिणाऱ्यावर फुटे.

मराठीचे काही प्रश्न हिंदीचे नव्हते, म्हणून ते सुटायला अधिक वेळ लागला. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' हे दोन शब्द मराठी माणूस कधी एक समजणार नाही. पहिल्यांना व्याख्यानाला बोलवावयाचे असते आणि दुसऱ्यांना जेवणावळीला. दुसऱ्या शब्दातील 'र'चे रूप हिंदीला लागत नाही. ज्या कळफलकांची घडण हिंदीसाठी झाली होती, त्यांवर त्यासाठी लागणारा 'ऱ' सापडत नसे किंवा शोधून काढावा लागे. लिहिणारा कंटाळून रफार देई, आणि दुसऱ्या, चौथऱ्यावर, किनाऱ्याला या सर्व रूपांची एकच गत होई. 'ॲ'ची कथा आणखी निराळी. बॅट, कॅमेरा यांतील स्वर शब्दारंभी लिहिण्यासाठी मराठीत 'अ'वर चंद्र देतात. हिंदीत 'ए'वर देतात. युनिकोडात हिंदी वळणाचे 'ऍ' आधीपासून होते. मराठी वळणाच्या 'ॲ'ला स्वतंत्र संकेतांक २००८ साली मिळाला. त्यापूर्वी 'अ' आणि चंद्र ही दोन चिन्हे एकापुढे एक लिहून काम भागवीत, आणि काही फोनांवर त्या दोहोंमध्ये ठिपक्यांचे वर्तुळ उगवे. आज तिन्ही प्रकारचे लेखन प्रचारात आहे. डोळ्यांना ते जवळजवळ एकच दिसते, पण यंत्राच्या दृष्टीने ते तीन भिन्न शब्द आहेत. ६ नोव्हेंबर २००९ रोजी महाराष्ट्र शासनाने देवनागरी वर्णमालेच्या प्रमाणीकरणाचा निर्णय काढला. परंतु ज्या फोनांनी हे वर्ण रेखाटावयाचे ते फोन शासनाच्या कक्षेत नव्हते.

अशा स्थितीत मराठी लिहिणाऱ्यांनी जी युक्ती काढली ती या इतिहासातील सर्वांत लक्षणीय घटना आहे, आणि तिच्याकडे अभ्यासकांचे लक्ष फारच थोडे गेले आहे. त्यांनी मजकुराचे छायाचित्र करून पाठविले.

असे होण्याचे कारण उघड होते. छायाचित्राच्या बाबतीत सर्व फोनांमध्ये एक करार आधीच झालेला होता. जेपेग या नावाने ओळखले जाणारे मानक १९९२ साली सिद्ध झाले, आणि निरनिराळ्या कंपन्यांचे कॅमेरे, संगणक व फोन ते जाणत होते. (या मानकाच्या मुळाशी असलेली गणिती क्रिया मूळचे बंगळुरूचे नासिर अहमद यांनी टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह १९७४ साली प्रसिद्ध केली होती.) हा करार होण्यापूर्वी चित्रांचीही स्थिती अक्षरांसारखीच होती. स्मार्टफोनांपूर्वी नोकियाच्या फोनांवरून ७२ रुंद व २८ उंच अशा ठिपक्यांची काळी-पांढरी चित्रे पाठविता येत; पण पलीकडे त्याच बनावटीचा फोन असला तरच ती नीट उमटत. जेपेगने ही अडचण दूर केली. जेपेगमध्ये 'स्त्री' हे अक्षर अक्षर नसतेच. ते केवळ ठिपक्यांचे चित्र असते, म्हणून कोणताही फोन त्याची मोडतोड करू शकत नाही.

दुसरे कारण छपाईच्या व्यवसायात आहे. महाराष्ट्रातील लग्नपत्रिका, कार्यअहवाल, दिवाळी अंक, मंडळांची पत्रके ही संगणकावर जुळविणारे डीटीपीवाले श्रीलिपीसारख्या प्रणालींतील अक्षरसंच वापरीत, आणि जुन्या अक्षरसंचांत देवनागरीचे आकार रोमन अक्षरांच्या संकेतांकांवर बसविलेले असत. असा मजकूर उचलून फोनवर चिकटविला की रोमन अक्षरांची निरर्थक रांग उमटे. तेव्हा डीटीपीवाला पत्रिका जुळवी, तिचे जेपेग करून देई, आणि ते घराघरांत फिरे. सोसायटीची सूचना फळ्यावर लिहावयाची, फळ्याचा फोटो काढावयाचा आणि तो सभासदांना पाठवावयाचा, हाही त्यातलाच प्रकार. सकाळच्या सुविचारांची फुलापानांची चित्रे ज्यांना उपद्रव वाटतात, त्यांना मी दोष देत नाही. तथापि मराठी मजकूर न बिघडता सर्व प्रकारच्या फोनांवर जाण्याचा खात्रीचा मार्ग काही काळ तोच होता.

या मार्गाची किंमतही पडली. चित्रातील मजकूर यंत्राला शोधता येत नाही, उतरून घेता येत नाही, मोठा करून वाचावा तर अक्षरे फुटतात. व्हॉट्सॲपसारखी सेवा जागा वाचविण्यासाठी चित्र लहान करून पाठवीत असे. अधिक स्पष्ट चित्र पाठविण्याचा पर्याय तिने २०२३ साली दिला. त्याआधी जाणकार लोक फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवून ही काटछाट चुकवीत. तेच चित्र कोणी पडद्यावरून पुन्हा टिपून पुढे पाठविले, की अनुस्वार आणि रफार हे सर्वांत बारीक अवयव आधी नाहीसे होत. प्राचीन पोथ्यांच्या संशोधकांना नकलांमधील ऱ्हासाची कल्पना आहे; येथे तो शतकांऐवजी आठवड्यांत घडलेला दिसतो. छायाचित्रांचा एकमुखी करारही पुढे अंशतः मोडला. २०१७ पासून आयफोनने जवळपास निम्म्या जागेत मावणारी हेइक ही नवी पद्धत स्वीकारली. संदेशातून पाठविताना फोन बहुधा तिचे जेपेग करून देतो. पण फाइल जशीच्या तशी दुसरीकडे नेली तर जुन्या अँड्रॉइड फोनांवर आणि संगणकांवर ती उघडत नसे.

येथवर आपण करार अपुरा असल्याची उदाहरणे पाहिली. करार बुद्ध्याच न करण्याची उदाहरणे निराळी आहेत, आणि ती मुख्यतः अमेरिकेतील आहेत. ब्लॅकबेरीची संदेशसेवा २०१३ पर्यंत ब्लॅकबेरी फोनांपुरतीच होती. इतरांसाठी तिची दारे उघडली तोवर लोक निघून गेले होते. ॲपलने २०११ च्या ऑक्टोबरात आयमेसेज ही सेवा सुरू केली. आयफोनवरून आयफोनला जाणारा संदेश निळ्या रंगात आणि इतर फोनांना जाणारा हिरव्या रंगात दिसे. हिरवा संदेश जुन्या लघुसंदेशाच्या किंवा एमएमएसच्या वाटेने जाई, आणि त्यातील छायाचित्रे व चलच्चित्रे आक्रसून पोचत. गंमत अशी की, २००७ च्या मूळ आयफोनला एमएमएसही येत नव्हते. ती सोय २००९ साली झाली, तीही नंतरच्या आयफोनांपुरती. २०१६ पासून आयफोनवर संदेशाला एका खुणेने पसंती दर्शविता येऊ लागली. ही खूण अँड्रॉइड फोनवर पोचताना तिचे वाक्य होई : अमक्याने तुमचा अमुक संदेश पसंत केला, आणि त्यापुढे तो सबंध संदेश पुन्हा उद्धृत. साध्या होकारार्थी मानेचे अप्रत्यक्ष कथनात रूपांतर झालेले पाहून व्याकरणाच्या अध्यापकाला आनंद होईल. ज्याच्या फोनवर अशी वीस वाक्ये लागोपाठ येत, त्याला होत नसे. २०२२ साली गूगलने आपल्या बाजूने या वाक्यांची पुन्हा खूण करून दाखविण्यास आरंभ केला. त्याच वर्षी एका जाहीर कार्यक्रमात एका श्रोत्याने ॲपलचे टिम कुक यांना विचारले की, माझ्या आईला काही चलच्चित्रे पाठविता येत नाहीत, त्याचे काय? आईला आयफोन घेऊन द्या, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले.

लघुसंदेशाच्या जागी येऊ घातलेले आरसीएस हे मानक २००८ पासून चर्चेत होते, आणि त्याचे सर्वांनी पाळावयाचे रूप २०१६ साली ठरले. ॲपलने ते सप्टेंबर २०२४ मध्ये स्वीकारले. युरोपीय संघाने २०२२ च्या कायद्याने मोठ्या संदेशसेवांवर इतरांशी संबंध जोडण्याचे बंधन घातले. २०२४ पासून ते व्हॉट्सॲपला लागू झाले, आयमेसेजला मात्र त्यातून वगळण्यात आले. जवळच्या फोनवर फोटो देण्यासाठी दोन्ही पक्षांच्या ज्या वेगवेगळ्या सोयी होत्या, त्यांची गाठ नोव्हेंबर २०२५ मध्ये गूगलने आपल्या एका फोनमालिकेपुरती घालून दिली. याच कामासाठी पंधरा-वीस वर्षांपूर्वी महाविद्यालयांच्या व्हरांड्यांत निरनिराळ्या कंपन्यांचे फोन ब्लूटूथने फोटो देत-घेत होते, हे आठवले म्हणजे प्रगतीची रेषा सरळ नसते हे कळते.

महाराष्ट्रात हिरव्या-निळ्याचा हा वाद फारसा जाणवला नाही, कारण येथे सर्वांनी व्हॉट्सॲपचा आश्रय घेतला होता. २००९ साली स्थापन झालेली ही सेवा लवकरच आयफोन, ब्लॅकबेरी, सिंबियन आणि अँड्रॉइड या सर्वांवर चालू लागली. लोकप्रियतेचे तिचे मोठे बळ यातच होते. न्यू जर्सीतील मुलाचा आयफोन आणि साताऱ्यातील आईचा स्वस्त अँड्रॉइड यांच्यात तिने भेद ठेवला नाही. परंतु हा सार्वजनिक करार नव्हे. एका खाजगी मालकाचे हे मोठे घर आहे आणि आपण सर्व त्यात बिऱ्हाडकरू आहोत. फोनांमधील भिंत त्याने पाडली, ती सर्वांना एकाच भिंतीच्या आत घेऊन. २०१४ साली ते घर फेसबुकने विकत घेतले, तेव्हा बिऱ्हाडकरूंना कोणी विचारले नाही.

आज जवळजवळ सर्व स्मार्टफोनांवर मराठी नीट दिसते. अधूनमधून अपघात होतात. फेब्रुवारी २०१८ मध्ये तेलुगूतील 'ज्ञा' हे एक जोडाक्षर संदेशात आले की आयफोनवरील संदेशाचे काम बंद पडे. ॲपलला काही दिवसांतच दुरुस्ती काढावी लागली. 'ज्ञान' शब्दाच्या आद्याक्षराने हा पराक्रम करावा, हा योगायोग मोठा मार्मिक आहे. अशा अपघातांपेक्षा अधिक विचार करण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. पुष्कळ मराठी माणसे आज देवनागरी संदेश पाठवितात, पण बोटांनी लिहितात ते रोमनमध्येच; फोन त्याचे देवनागरी करून देतो. सत्तरच्या मर्यादेने लावलेली सवय मर्यादा गेल्यावरही हातात राहिली आहे. रोमन लेखनात ल-ळ, न-ण, त-ट हे भेद बुडाले होते. ते आता यंत्र आपल्या अंदाजाने भरून काढते. 'पण' आणि 'पान' यांतून कोणता शब्द घ्यावयाचा हे त्याच्या शब्दसंग्रहावर ठरते, आणि त्या शब्दसंग्रहात नागर, प्रमाण मराठीचे पारडे जड असते. बोलीतील रूप लिहू पाहणाऱ्याला फोन प्रमाण रूप पुढे करतो. कोकणातील किंवा खानदेशातील विद्यार्थ्याने घरी पाठविलेल्या संदेशावरून त्याच्या बोलीविषयी अनुमान काढावयाचे, तर ती भाषा किती त्याची आणि किती फोनची, हे आधी ठरवावे लागेल.

या लेखासाठी साधने गोळा करताना माझी एक जुनी वही हाती आली. २००४-०५ साली माझ्या फोनात मोजकेच संदेश राहत. नवा यावयाचा तर जुना पुसावा लागे. म्हणून जपून ठेवावेसे वाटणारे संदेश मी वहीत उतरून घेत असे. पाहतो तो सबंध वही देवनागरीत! मूळचे सर्व संदेश रोमन लिपीतील. पण भाषाविज्ञानाचा विद्यार्थी असूनही उतरताना मी ते सहज देवनागरीत करून टाकले होते. कोणी 'आहे' कसे लिहीत होते, दीर्घ स्वरासाठी अक्षर दुप्पट करीत होते की नाही, इंग्रजी आकड्यांनी मराठी अक्षरांचे काम कोठे घेत होते, हा सारा पुरावा माझ्याच हाताने नाहीसा झाला आहे. एकच संदेश रोमनमध्ये तसाच राहिला आहे. माझ्या एका मित्राने दुसऱ्या दिवशी काही आणावयाचे कबूल केले होते, आणि त्या वस्तूचे नाव एम्, ए, एल् या तीन अक्षरांनी लिहिले होते. ती माळ होती की माल होता, हे तेव्हाही मला ठरविता आले नव्हते.